सायक्लोडेक्स्ट्रिन कॉम्प्लेक्स बनवताना सॉल्व्हंटचा हिशोब: वजनापासून तपासणीपर्यंत

पुण्यातल्या बहुतेक एम.फार्म. आणि एम.एस्सी. प्रोजेक्टमध्ये बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचं (‘सीडी’, म्हणजे आतून पोकळ असलेला साखरेचा कडीसारखा रेणू, ज्याच्या पोकळीत औषध बसतं) काम एकाच ठरलेल्या वाटेनं जातं. औषध इथेनॉलमध्ये, सीडी पाण्यात, दोन्ही एकत्र करून ढवळायचं, वाळवायचं आणि डीएससीला (पदार्थ तापवून तो कधी वितळतो ते दाखवणारी चाचणी) पाठवायचं. औषधाचं वितळण्याचं शिखर गायब दिसलं की ‘इन्क्लुजन झालं’, म्हणजे औषध पोकळीत शिरून कॉम्प्लेक्स बनलं, असं लिहून मोकळं व्हायचं. मग स्थिरांक (औषध पोकळीत किती घट्ट बसतं त्याचा आकडा) दर खेपेला वेगळा येतो, एनएमआरमध्ये (रेणूतल्या प्रोटॉनचे सिग्नल दाखवणारी चाचणी) कुठलाच सिग्नल सरकत नाही, आणि व्हायवात परीक्षक नेमका तोच प्रश्न विचारतात.

यातली निम्म्याहून जास्त गडबड सॉल्व्हंटमुळे होते. सीडीच्या पोकळीत जायला सॉल्व्हंटचे रेणूही तयारच असतात आणि संख्येनं ते औषधाच्या कितीतरी पट असतात. त्यामुळे सॉल्व्हंट हा रिएजंट समजूनच मोजायचा, ‘थोडंसं इथेनॉल’ असं लिहायचं नाही. खालचे टप्पे त्याच क्रमानं लावले आहेत. उदाहरणाला आयबुप्रोफेन आणि बीटा-सीडी घेतलं आहे. औषध बदललं तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

## टप्पा १ : आधी कागदावर हिशोब

सॉल्व्हंट तीन ठिकाणी ढवळाढवळ करतो.

पहिलं, तो पोकळीतल्या जागेसाठी औषधाशी स्पर्धा करतो. दुसरं, बाहेरचं पाणी औषधासाठी सुसह्य करतो. पाण्यात नकोसं झालेलं औषध पोकळीत शिरतं, पण बाहेर अल्कोहोल असेल तर त्याला आत जायची घाई राहत नाही. तिसरं, तो सीडीची स्वतःचीच विद्राव्यता बदलतो.

स्पर्धेचा परिणाम साध्या सूत्रात बसतो:

दिसणारा स्थिरांक = पाण्यातला स्थिरांक ÷ (१ + सॉल्व्हंटचा स्थिरांक × सॉल्व्हंटची मोलर तीव्रता)

बीटा-सीडीशी वेगवेगळ्या अल्कोहोलचे स्थिरांक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण असे आहेत (एकक प्रति मोलर): मिथेनॉल ०.३, इथेनॉल ०.९, आयसोप्रोपेनॉल आणि १-प्रोपेनॉल प्रत्येकी सुमारे ४, १-ब्युटेनॉल सुमारे १७, टर्ट-ब्युटेनॉल सुमारे ४८, १-पेंटेनॉल सुमारे ६०, १-हेक्सेनॉल २०० च्या पुढे. साखळी लांब आणि अंग भरीव, तितकी पकड घट्ट.

इथेनॉलचा ०.९ हा आकडा बघून ‘नगण्य’ म्हणण्याचा मोह होतो, आणि चूक तिथेच होते. १० टक्के आकारमानानं इथेनॉल म्हणजे १.७ मोलर. औषधाचा पाण्यातला स्थिरांक १००० धरला, तर निव्वळ स्पर्धेनं तो ४०० च्या खाली येतो. तेवढंच आयसोप्रोपेनॉल घेतलं तर १६० ते १७०. टर्ट-ब्युटेनॉल घेतलं तर २० च्या आसपास, म्हणजे कॉम्प्लेक्स जवळजवळ मोडलंच. प्रत्यक्षात घट याहून थोडी जास्तच असते, कारण या सूत्रात ‘बाहेरचं पाणी सुसह्य होणं’ धरलेलं नाही.

आयसोप्रोपेनॉलचा मुद्दा इथे मुद्दाम सांगायला हवा. इथेनॉलला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. कॉलेजचा कोटा संपला की ‘दोन्ही अल्कोहोलच’ म्हणून मुलं आयपीए (आयसोप्रोपेनॉल) ओततात आणि आधीच्या बॅचशी तुलना करत बसतात. ही अदलाबदल चालत नाही. डिनेचर्ड स्पिरिट तर वापरूच नका, त्यात नेमकं काय आणि किती मिसळलं आहे याचा हिशोब लागत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. पायरीनसारख्या काही रेणूंच्या बाबतीत अल्कोहोल पोकळीतली उरलेली जागा भरतं आणि तिघांचं मिळून कॉम्प्लेक्स जास्त घट्ट होतं. म्हणून सूत्र हा अंदाज आहे. मोजमाप करावंच लागतं.

तपासा: तुमच्या अंतिम मिश्रणात सॉल्व्हंट किती मोलर आहे, आणि सीडीच्या एका रेणूमागे सॉल्व्हंटचे रेणू किती? हे दोन आकडे वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : सीडीचं खरं वजन आणि खरं तापमान

बीटा-सीडीचा रेणूभार ११३५. बाटलीतली पावडर मात्र कोरडी नसते, तिच्यात साधारण १३ ते १४ टक्के पाणी असतं. ११.३५ ग्रॅम तोलून ‘१० मिलिमोल घेतले’ असं लिहिलं, तर प्रत्यक्षात ८.७ च्या आसपासच असतात. १:१ म्हणून केलेली बॅच मुळातच औषध जास्त असलेली निघते, आणि उरलेलं मोकळं औषध डीएससीत डोकं वर काढतं.

कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजणारं यंत्र) असेल तर त्यावर पाणी मोजा. नसेल तर १ ग्रॅम पावडर १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून घट काढा. कामासाठी मात्र न वाळवलेली पावडरच घ्या आणि वजनात दुरुस्ती करा. वाळवलेली पावडर तराजूवरच पाणी ओढू लागते, जुलै-ऑगस्टमध्ये तर आकडा डोळ्यांदेखत चढत राहतो.

तापमानाबद्दल: ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द प्रोटोकॉलमधून काढून टाका. पुण्यात एप्रिलच्या दुपारी प्रयोगशाळा ३५ च्या पुढे असते आणि डिसेंबरच्या रात्री १५ च्या खाली जाऊ शकते. बीटा-सीडीची विद्राव्यता २५ अंशाला १०० मि.ली. पाण्यात १.८५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम १६ मिलिमोलर. ५० अंशाला ती ५ ग्रॅमच्या आसपास जाते. १५ मिलिमोलरचं द्रावण संध्याकाळी करून टेबलावर ठेवलं तर थंडीत सकाळी तळाशी स्फटिक दिसतात. त्यांनाच ‘कॉम्प्लेक्सचा साका’ समजून गाळून घेतल्याची उदाहरणं कमी नाहीत.

अल्फा-सीडी १४.५ ग्रॅम आणि गॅमा-सीडी २३.२ ग्रॅम प्रति १०० मि.ली. विरघळतात, त्यामुळे हा त्रास मुख्यतः बीटाचाच.

## टप्पा ३ : सॉल्व्हंट निवडताना

निवडीचा क्रम असा ठेवा: आधी नुसतं पाणी, मग पीएच बदलून पाणी, आणि मगच सॉल्व्हंट. आयबुप्रोफेनसारखं आम्ल किंचित अल्कलीत सहज विरघळतं. तोटा इतकाच की आयनित रूप पोकळीत सहसा सैल बसतं, आणि नंतर पीएच खाली आणताना औषध एकटंच खाली बसू नये म्हणून आम्ल थेंबाथेंबानं टाकावं लागतं. तरीही कोरड्या मालात सॉल्व्हंट उरण्याची चिंता नसते, हा फायदा मोठा.

सॉल्व्हंट घ्यायचाच असेल तर तीन प्रश्न विचारा.

तो पोकळीत किती घट्ट बसतो? मिथेनॉल आणि इथेनॉल सर्वांत सैल. टोल्युइन, सायक्लोहेक्झेन आणि क्लोरोफॉर्म यांना हातही लावू नका. टोल्युइन तर बीटा-सीडीच्या उत्पादनात तिला द्रावणातून खाली बसवण्यासाठीच वापरतात. ज्या रेणूमुळे सीडी इतकी घट्ट बांधली जाते, तिथे तुमच्या औषधाला जागा कुठून मिळणार?

तो पाण्याच्या आधी उडतो की नंतर? हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि तोच सर्वांत कामाचा. ॲसिटोन ५६, मिथेनॉल ६५, इथेनॉल ७८ अंशाला उकळतं. वाळवताना हे आधी निघून जातात, मागे पाणी उरतं, आणि शेवटच्या टप्प्यात औषधाला पोकळीत शिरण्यावाचून पर्याय राहत नाही. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) १५३, प्रोपिलीन ग्लायकॉल १८८, डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) १८९. इथे उलटं होतं: पाणी उडून जातं, सॉल्व्हंट मागे राहतो आणि बनलेलं कॉम्प्लेक्स वाळतावाळता सुटतं. औषध डीएमएसओत छान विरघळतं म्हणून त्यात कॉम्प्लेक्स करून रोटाव्हेपवर (कमी दाबाखाली सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) लावणं ही यामुळेच वाया जाणारी मेहनत आहे.

त्यात सीडी विरघळते का? बीटा-सीडी शुद्ध इथेनॉल, मिथेनॉल, ॲसिटोनमध्ये जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे चूक झाली तर पांढरा साका लगेच दिसतो. हायड्रॉक्सिप्रोपिल-बीटा-सीडी आणि मिथाइल-बीटा-सीडी मात्र मिथेनॉलमध्ये विरघळतात, म्हणून तिथे चूक दिसतच नाही. नुसत्या मिथेनॉलमध्ये दोन्ही विरघळवून उडवलं की काचेसारखा पापुद्रा मिळतो आणि डीएससीत शिखर नसतं. ते अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेलं) मिश्रण असतं. मिथेनॉलच्या गर्दीत औषध पोकळीत गेलं असेलच, असं गृहीत धरायला काही आधार नाही.

सावध: ट्वीन आणि एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) यांसारखे सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखे पदार्थसुद्धा स्पर्धकच आहेत. ‘फक्त ओलं होण्यापुरतं’ टाकलेलं एसएलएस बीटा-सीडीत बहुतेक औषधांपेक्षा घट्ट बसतं.

## टप्पा ४ : अर्ध्या तासाची रंगचाचणी

सॉल्व्हंटची स्पर्धा डोळ्यांनी बघायची असेल तर फिनॉल्फ्थॅलीन पुरतं. अल्कलीत गुलाबी असलेलं फिनॉल्फ्थॅलीन बीटा-सीडीच्या पोकळीत शिरलं की रंगहीन होतं. सॉल्व्हंटनं त्याला बाहेर ढकललं की गुलाबी परत येतो.

१. ९५ मि.ग्रॅ. फिनॉल्फ्थॅलीन १०० मि.ली. इथेनॉलमध्ये विरघळवा. हे ३ मिलिमोलर झालं.

२. यातलं १ मि.ली. घेऊन पीएच १०.५ च्या ०.०५ मोलर कार्बोनेट बफरनं १०० मि.ली. करा. यात १ टक्का इथेनॉल आधीच आलं, ते सगळ्या नळ्यांत सारखं असल्यानं चालतं.

३. नळ्या लावा: नुसता रंग, रंग आणि १ मिलिमोलर सीडी, मग रंग, सीडी आणि प्रत्येकी १० टक्के मिथेनॉल, इथेनॉल, आयपीए, टर्ट-ब्युटेनॉल.

४. प्रत्येक सॉल्व्हंटसाठी सीडी नसलेली जोडनळी हवीच. सॉल्व्हंटमुळे रंगाची तीव्रता स्वतःहूनही बदलते, ती वजा केली नाही तर निष्कर्ष चुकतो. एकूण आकारमान सगळीकडे तेवढंच राहील असं बघा.

५. ५५० नॅनोमीटरला शोषण मोजा, शक्यतो १५ मिनिटांच्या आत. अल्कलीत हा रंग हळूहळू फिका पडतो.

सीडीची नळी जवळजवळ रंगहीन, इथेनॉलची फिकट गुलाबी आणि टर्ट-ब्युटेनॉलची ठळक गुलाबी दिसायला हवी. नळ्या एकाच तापमानाला ठेवा, गरम केल्यानंही गुलाबी परततो. टर्ट-ब्युटेनॉल २५ अंशाच्या आसपास गोठतं, थंडीत बाटली घट्ट झाली तर कोमट पाण्यात धरा.

## टप्पा ५ : फेज सोल्युबिलिटी, सॉल्व्हंट न चुकवता

फेज सोल्युबिलिटी म्हणजे सीडी वाढवत नेली की औषध किती जास्त विरघळतं ते मोजणं. इथे त्यावरून स्थिरांक काढायचा असतो, म्हणून शिस्त कडक.

सीडीची ०, ३, ६, ९, १२, १५ मिलिमोलर द्रावणं करा. प्रत्येकी १० मि.ली. कुपीत औषध विरघळून तळाशी उरेल इतकं टाका. २५ अंशाला शेकरवर ४८ तास ठेवा. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. सोमवारी सकाळी सुरू करून बुधवारी संपवा, नाहीतर शेकर आणि बाथ दोन्ही मधेच थांबतात. २४ आणि ४८ तासांचे आकडे जुळले तरच संतुलन आलं असं माना.

०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा आणि पहिलं १ मि.ली. टाकून द्या, फिल्टर औषध शोषतो.

आता नेहमीची चूक. यूव्हीसाठी काही जण पाण्यानं पातळ करतात. पातळ नमुन्यातही औषधाचा काही भाग पोकळीतच राहतो आणि त्याचं शोषण वेगळं असतं. ५० टक्के मिथेनॉलनं पातळ करा. इथे सॉल्व्हंटची तोडमोड आपल्या फायद्याची ठरते, कॉम्प्लेक्स मोडतं आणि सगळं औषध एकाच रूपात मोजलं जातं. कॅलिब्रेशनही त्याच मिश्रणात करा. फार कमी पातळ केलंत तर मिथेनॉलमुळे बीटा-सीडी बारीक धूसर होऊन खाली बसते आणि शोषण उगाच वाढतं. औषध जिथे शोषत नाही तिथे, म्हणजे ४०० नॅनोमीटरला, रीडिंग शून्य आहे ना हे बघा.

स्थिरांक = ढाळ ÷ [मूळ विद्राव्यता × (१ − ढाळ)]

ढाळ म्हणजे सीडीच्या तीव्रतेसमोर विरघळलेल्या औषधाची तीव्रता मांडून येणाऱ्या रेषेचा उतार. मूळ विद्राव्यता, म्हणजे सीडी नसलेल्या कुपीतला आकडा, प्रत्यक्ष मोजलेलाच घ्या आणि तो अगदी त्याच सॉल्व्हंटमध्ये मोजलेला असू द्या. पाण्यातली मूळ विद्राव्यता आणि १० टक्के इथेनॉलमधला ढाळ एकत्र केला तर येणारा स्थिरांक निरर्थक असतो. औषध फारच कमी विरघळणारं असेल तर स्थिरांकाच्या नादी न लागता ढाळ ÷ (१ − ढाळ) ही कॉम्प्लेक्सेशन एफिशिअन्सी द्या. त्यात मूळ विद्राव्यतेची चूक शिरत नाही.

‘इथेनॉल आणि सीडी दोन्ही विद्राव्यता वाढवतात, मग एकत्र घेतले तर दुप्पट फायदा’ हा समज किती फसवा आहे ते आकड्यांत बघा. समजा मूळ विद्राव्यता ०.०५ मिलिमोलर आणि स्थिरांक १००० आहे. १५ मिलिमोलर सीडीत एकूण सुमारे ०.७६ मिलिमोलर औषध विरघळेल. आता १० टक्के इथेनॉलनं मूळ विद्राव्यता दुप्पट झाली, पण स्थिरांक ३०० वर आला. एकूण विरघळतं ०.५४. इथेनॉल टाकून विद्राव्यता घटली. टक्केवारी आणखी वाढवत नेली की ती पुन्हा चढते, पण ते काम अल्कोहोलचं असतं, सीडी तेव्हा नावापुरती उरते. दोन-तीनच टक्केवाऱ्या मोजून आलेख काढला तर ही मधली दरी निसटते. ०, ५, १०, २०, ३०, ५० अशा तरी घ्या.

तपासा: यूव्ही किंवा फ्लुरोसन्स टायट्रेशन करत असाल तर औषधाच्या स्टॉकमधून येणारं मिथेनॉल पहिल्यापासून शेवटच्या नमुन्यापर्यंत सारखं आहे का? अगदी १ टक्का इथेनॉलही स्थिरांक १४ टक्क्यांनी खाली ओढतं. स्टॉक तीव्र करा आणि अंतिम प्रमाण ०.१ टक्क्यावर आणा.

## टप्पा ६ : प्रत्यक्ष मिसळणं

साका पद्धत (५ मिलिमोलची बॅच)

१. १३ टक्के ओलावा धरून ६.५२ ग्रॅम बीटा-सीडी १५० मि.ली. पाण्यात ५० ते ५५ अंशाला पूर्ण विरघळवा. द्रावण आरपार स्वच्छ दिसायला हवं.

२. १.०३ ग्रॅम आयबुप्रोफेन ५ मि.ली. इथेनॉलमध्ये विरघळवा. एवढं पुरतं, २५ मि.ली. घेऊ नका. या ५ मि.ली.मध्येही सीडीच्या एका रेणूमागे इथेनॉलचे १७ रेणू आहेत.

३. औषधाचं द्रावण सीडीच्या द्रावणात सोडा, उलट नाही. सीडीचं पाणी इथेनॉलमध्ये ओतलं तर पहिल्याच क्षणी सीडी एकटी खाली बसते. पिपेटचं टोक भोवऱ्याच्या कडेशी धरून १५ ते २० मिनिटांत थेंबाथेंबानं टाका.

४. प्रत्येक थेंबासोबत क्षणभर दुधाळपणा येऊन विरायला हवा. तो विरत नसेल, किंवा पृष्ठभागावर तेलकट थेंब तरंगू लागले, तर थांबा. आयबुप्रोफेन ७५ ते ७८ अंशाला वितळतं, पण अल्कोहोल आणि पाण्यात त्याच्या बऱ्याच आधी तेलासारखं सुटू शकतं. तापमान ४५ वर आणा, ढवळणं वाढवा, थेंब निवळले की पुढे चला.

५. झाकण ठेवून एक तास ढवळा, मग झाकण काढून त्याच तापमानाला आणखी एक-दोन तास. इथेनॉल उडालं पाहिजे, कमी होणारं पाणी मोजून भरत राहा.

६. हीटर बंद करून ढवळत ढवळतच २५ अंशावर येऊ द्या, मग रात्रभर ४ अंशाला. कॉम्प्लेक्स बनताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे थंड होताना ते घट्ट होतं. बीकर थेट बर्फात ठेवला तर मोकळी सीडी आणि मोकळं औषध शेजारीशेजारी बसतात.

नीडिंग (खलात मळण्याची) पद्धत

‘पाणी-इथेनॉल १:१’ हे प्रमाण एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरत आलं आहे. त्या द्रवात इथेनॉल ८ मोलरच्या वर असतं. तरीही माल बनतो, कारण खलताना इथेनॉल उडत राहतं. म्हणजे शेवटी काम पाणीच करतं. मग सुरुवातच नुसत्या पाण्यानं का करू नये? सीडीच्या निम्म्या वजनाइतकं पाणी घेऊन श्रीखंडाइतका दाट गोळा करा, औषध चिमटीचिमटीनं घाला आणि ४५ ते ६० मिनिटं खला. औषध ओलंच होत नसेल तर २० ते ३० टक्के इथेनॉलपर्यंत जा, त्यापुढे नको. गोळा सुकू लागला तर भरपाई फक्त पाण्यानं करा.

सोबतच्या तीन बॅचेस, एकही टाळू नका: नुसतं भौतिक मिश्रण, औषधाशिवाय सीडी आणि तेवढंच इथेनॉल, त्याच क्रियेतून नेलेलं, आणि सीडीशिवाय औषध, तेही त्याच क्रियेतून. बीटा-सीडी इथेनॉलसोबत स्वतःचे वेगळे स्फटिक बनवते. औषध नसलेली ही बॅच नसेल तर एक्सआरडीतला (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारी चाचणी) ‘नवा पॅटर्न’ औषधाचा की इथेनॉलचा, हे सांगता येत नाही.

## टप्पा ७ : धुणं आणि वाळवणं

धुण्याचा हेतू पृष्ठभागावर चिकटलेलं मोकळं औषध काढणं एवढाच. साका गाळणीवर असतानाच ३ ते ५ मि.ली. बर्फगार इथेनॉल एकदाच ओता आणि लगेच व्हॅक्युमनं ओढा. दोन-तीन वेळा, भरपूर, आरामात धुतलं तर आतलं औषधही निघून जातं. धुतलेला द्रव फेकू नका, त्यातलं औषध मोजा. दुसऱ्या धुण्यातही पहिल्याइतकंच येत असेल तर ते आतून येतंय.

वाळवणं ४० ते ४५ अंशाला, व्हॅक्युम ओव्हन असेल तर उत्तम. मग ८० मेशची चाळणी आणि डेसिकेटर.

पोकळीत अडकलेला सॉल्व्हंट ओव्हनमध्ये सहज निघत नाही. दर दहा सीडीमागे इथेनॉलचा एक रेणू उरला तरी ते सुमारे ४००० पीपीएम होतं, आणि आयसीएच क्यू३सीची (औषधात उरलेल्या सॉल्व्हंटबद्दलची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना) मर्यादा ५००० आहे. मिथेनॉलचा तसाच हिशोब २८०० येतो, मर्यादा ३०००. टर्ट-ब्युटेनॉलची मर्यादा ३५००, टोल्युइनची ८९०, क्लोरोफॉर्मची अवघी ६०. तापमान वाढवून उपयोग कमी होतो. त्यापेक्षा वाळलेल्या मालावर पाण्याचा हलका शिडकावा देऊन पुन्हा वाळवा, पाणी पोकळीत शिरताना अल्कोहोलला बाहेर काढतं.

फ्रीझ ड्रायिंगसाठी (गोठवून वाळवण्यासाठी) टर्ट-ब्युटेनॉल लोकप्रिय आहे, कारण ते गोठतं आणि लवकर उडतं. बीटा-सीडीसोबत मात्र त्याची पकड लक्षात घ्या: गोठण्याच्या क्षणी औषध बहुतांशी बाहेरच असतं, आणि सुकलेल्या मालातही ते रेंगाळतं.

## टप्पा ८ : तपासणी करताना सॉल्व्हंट पुन्हा आडवा येतो

एनएमआर. सर्वांत महागडी चूक इथे होते. माल पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून नमुना डीएमएसओ-डी६ (एनएमआरसाठीचं ड्युटेरियमयुक्त डीएमएसओ) मध्ये दिला जातो. डीएमएसओत बहुतेक कॉम्प्लेक्स सुटतात. मग सीडीच्या पोकळीतल्या एच-३ आणि एच-५ प्रोटॉनचे सिग्नल सरकले नाहीत तर आश्चर्य नाही, आणि किंचित सरकले तर त्यावर कथा रचू नये. इन्क्लुजन दाखवायचं तर डी२ओच (जड पाणी) हवं. संपृक्त द्रावण गाळून घ्या आणि स्कॅन वाढवा.

डी२ओत संदर्भासाठी टीएसपी किंवा डीएसएस टाकू नका, तेही पोकळीत शिरतात. एचओडीचा (डी२ओत उरलेल्या साध्या पाण्याचा) सिग्नल तापमान नोंदवून वापरा किंवा संदर्भ वेगळ्या केशनळीत ठेवा.

डीएमएसओ-डी६ अगदीच निरुपयोगी नाही. सगळं मोकळं झाल्यामुळे प्रमाण मोजायला तेच सोयीचं. सीडीचा एच-१, सात प्रोटॉनचा, ४.८ पीपीएमजवळ येतो. त्याच्याशी औषधाच्या सिग्नलचं क्षेत्रफळ ताडून १:१ खरंच आहे का ते कळतं. उरलेलं इथेनॉलही १.०६ ला त्रिकुटाच्या रूपात दिसतं.

डीएससी आणि एक्सआरडी. शिखर गायब होणं हा पुरावा नाही, इशारा आहे. औषध अमॉर्फस झालं तरी ते जातं. भौतिक मिश्रण आणि दोन्ही कंट्रोल बॅचेसचे आलेख एकाच पानावर द्या.

उरलेला सॉल्व्हंट जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफी). कोरडी पावडर हेडस्पेस कुपीत टाकून आकडा फार कमी येतो. नमुना पूर्ण विरघळवा आणि स्टँडर्डमध्येही तेवढीच सीडी घाला.

## कुठे बिनसलं ते ओळखण्यासाठी

*स्थिरांक दर वेळी वेगळा येतो.* आधी स्टॉकमधल्या अल्कोहोलचं प्रमाण, मग तापमान, मग सीडीचा ओलावा, याच क्रमानं बघा.

*फेज सोल्युबिलिटीची रेषा वर जाऊन सपाट होते.* बीटा-सीडीत कॉम्प्लेक्सच खाली बसत असेल, ते स्वाभाविक आहे. पण द्रावणात सॉल्व्हंट असेल तर तळाचा साका गाळून त्यात औषध किती आहे ते मोजा, नुसती सीडीही असू शकते.

*मालात औषध अपेक्षेपेक्षा कमी.* धुणं जास्त झालं, किंवा मिसळताना इथेनॉल जास्त होतं आणि औषध गाळलेल्या द्रवात राहिलं. तो द्रव अजून असेल तर त्यातलं इथेनॉल उडवून पुन्हा ४ अंशाला ठेवा, बराच माल परत मिळतो.

*मालात औषध अपेक्षेपेक्षा जास्त.* ओलाव्याची दुरुस्ती राहिली, किंवा औषध एकटंच स्फटिक होऊन बसलं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन वेगळ्या आकारांचे कण दिसले तर कारण दुसरं.

*विरघळण्याचा वेग भौतिक मिश्रणाइतकाच.* डिसोल्युशन माध्यमात एसएलएस आहे का ते बघा. असेल तर तिथे कॉम्प्लेक्सची परीक्षा होतच नाही, सर्फॅक्टंटची होते. पाणी किंवा साध्या फॉस्फेट बफरमध्ये चाचणी पुन्हा लावा आणि पहिल्या ५ व १० मिनिटांचे नमुने चुकवू नका, फरक असतो तो तिथेच.